तलाठ्याचे सरकार

खेड्यातल्या माणसाची आणि सरकारची गाठ पडते ती चावडीवर. शेतसाऱ्याची पावती, वारसाची नोंद, पिकाची आणेवारी, बांधावरून निघालेली तक्रार, या साऱ्यांच्या वाटा शेवटी तलाठ्याच्या दप्तरापाशी येऊन मिळतात. इंग्रजी अमदानीत कलेक्टरसाहेब कधीमधी दौऱ्यावर यायचे, मामलेदार जमाबंदीच्या दिवसांत दिसायचे. तलाठी मात्र रोजचा. कुणब्याच्या लेखी तलाठी आणि पोलीस पाटील हेच सरकार होते. अशाच एका तलाठ्याने १९३० च्या सुमारास नोकरी सोडली, दप्तर खाली ठेवले आणि पुढे बारा-तेरा वर्षांनी सातारा जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांतून त्याच सरकारची सत्ता पार खिळखिळी करून टाकली. क्रांतिसिंह नाना पाटील या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

नानांची आठवण निघाली की रेल्वेगाड्या अडवल्याच्या, खजिने लुटल्याच्या, पोलिसांना गुंगारा दिल्याच्या कथा रंगतात. त्या खऱ्याच आहेत. पण इंग्रजांना हुलकावणी देणारे वीर देशात इतरत्रही झाले. साताऱ्याचे वेगळेपण असे की, इथे जुने सरकार उठवून लावल्यावर त्या जागी गावकऱ्यांनी आपला कारभार उभा केला. तंटे सोडवले, चोऱ्या थांबवल्या, दारू बंद केली, लग्ने लावली. जिल्ह्याच्या कारभाराचा हा एक विलक्षण प्रयोग होता आणि त्याच्या केंद्रस्थानी सरकारी दप्तर आतून पाहिलेला एक माणूस होता.

जुना सातारा

नानांचा सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा नव्हे. महाबळेश्वरच्या डोंगरापासून वाळवे, तासगाव, खानापूरपर्यंतचा मुलूख त्यात मोडत असे. मराठेशाही बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये वारस नसल्याच्या सबबीवर राज्यच खालसा केले. छत्रपतींची राजधानी कलेक्टरच्या कचेरीचे गाव झाली. सभोवती औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थाने विखुरलेली. एका गावाला इंग्रजांचा अंमल, तर ओढा ओलांडला की संस्थानिकाचा, अशी ठिगळाठिगळांची ही गोधडी होती. पुढच्या कथेत या ठिगळांना फार महत्त्व आले.

स्थानिक स्वराज्याचा गवगवा तेव्हाही होता. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये त्यासंबंधीचा ठराव केला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. तालुक्याला बोर्ड, जिल्ह्याला बोर्ड; रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा त्यांच्याकडे. पण बरीच वर्षे जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी कलेक्टरच असे आणि सभासदांत इनामदार, वतनदार, वकील यांचीच वर्दळ. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड मात्र प्रत्येक कुळवाडी भरत होता. पैसा रयतेचा, पण बहुसंख्य रयतेला मताचा अधिकारच नाही, अशी ही स्वराज्याची पहिली पायरी होती. पुढे कायदे सुधारले, निवडून आलेले सभासद वाढले, तरी गावच्या गरिबाला त्या बोर्डाचे दार लांबच राहिले.

याच मातीत दुसरे एक वारे वाहत होते. महात्मा फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांच्या सत्यशोधक विचाराने पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत साताऱ्याची खेडी ढवळून निघाली. जलशांतून सावकार, भिक्षुक आणि इनामदार यांच्यावर कोरडे ओढले जाऊ लागले, कुळे खंडाबद्दल हुज्जत घालू लागली. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, तीही याच वाऱ्यात. गावातली पिढ्यान्‌पिढ्यांची उतरंड म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, हे कळलेली एक पिढी तयार होत होती.

दप्तर खाली ठेवले

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. मूळ आडनाव पिसाळ. गाव वाळवे तालुक्यातले, मच्छिंद्रगडाच्या पायथ्याचे येडे मच्छिंद्र. मराठी शाळेत शिकून ते तलाठी झाले. वतनदार कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठी येऊ लागल्याचा तो काळ होता. बहुजन समाजातल्या शिकल्यासवरल्या तरुणाला ही नोकरी म्हणजे मोठाच मान. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत आणि बोलणे ठेठ शेतकऱ्याचे.

तलाठ्याला गाव जसे कळते तसे दुसऱ्या कोणाला कळत नाही. कुणाची जमीन कुणाकडे गहाण पडली, सावकाराने कोरड्या कागदावर अंगठा कसा घेतला, दुष्काळातही वसुली कशी झाली, कोणत्या भावकीत कोणता बांध सलतो आहे, हे सारे त्याच्या दप्तरात असते. सत्यशोधकांचा विचार नानांच्या कानावर होताच. पण सरकार खेड्यात कोणत्या वाटेने शिरते आणि कुणाच्या आधाराने टिकते, हे ज्ञान त्यांना या नोकरीने दिले असले पाहिजे. १९३० मध्ये कायदेभंगाची लाट आली. बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाने वाळवे-शिराळ्याचा भाग पेटून उठला. नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि काँग्रेसच्या कामात उडी घेतली. पुढच्या बारा वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्या कितीतरी झाल्या.

या काळात नानांनी मिळवलेली खरी पुंजी म्हणजे लोकांची ओळख. गावोगावच्या जत्रा, बाजार, देवळांचे ओटे ही त्यांची व्यासपीठे. शहरी पुढाऱ्यांची पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी नव्हती. बैल, मोट, पेरणी, सासुरवास यांचे दाखले देत ते तासन्‌तास बोलत आणि बायाबापड्याही ऐकायला थांबत. स्वराज्य म्हणजे साहेब जाऊन दुसरा कोणी येणे नव्हे, तर सावकाराच्या आणि शिपायाच्या भीतीतून सुटणे, असा त्याचा अर्थ ते लोकांच्या भाषेत लावून दाखवत.

मोर्च्यांकडून भूमिगत कारभाराकडे

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी पकडले गेले, तेव्हा सातारा जिल्ह्यात काही दिवस वेगळाच डाव मांडला गेला. लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर हजारोंच्या संख्येने चालून जायचे, तिरंगा चढवायचा आणि स्वराज्य झाल्याचे जाहीर करायचे. २४ ऑगस्टला कऱ्हाडवर मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगावात तर मामलेदारालाच गांधी टोपी घालायला लावून लोक परतले. मग मात्र सरकार सावध झाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी पडले, इस्लामपुरातही बळी गेले. निःशस्त्र मोर्च्याने कचेरी ताब्यात येत नाही, हा धडा रक्त सांडून मिळाला.

यानंतर कार्यकर्ते डोंगरांत, उसाच्या फडांत आणि मळ्यांतल्या वस्त्यांवर पांगले. नाना भूमिगत झाले. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, घरदार आणि जमीन जप्त केली. त्यांची कन्या हौसाताई ऐन तारुण्यात या धामधुमीत ओढली गेली आणि पुढे स्वतः निरोप्याचे, टेहळणीचे काम करू लागली. त्या २०२१ मध्ये वारल्या.

पांगलेले गट १९४३ मध्ये एकत्र येऊ लागले. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सोबती, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, उत्तरेकडे किसन वीर, शिवाय पांडू मास्तर, कासेगावचे बाबूजी पाटणकर आणि त्यांच्या पत्नी इंदुताई अशी कितीतरी मंडळी. तरुणांची तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला. रोजची आखणी आणि जोखीम या तरुणांची होती. नाना त्या सर्वांचे वडीलधारे. त्यांच्या नावावर गाव दार उघडत असे आणि त्यांच्या शब्दावर गटागटांतली भांडणे मिटत.

इथे ती संस्थानांची ठिगळे उपयोगी पडली. कुंडल हे गाव औंध संस्थानातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या बहात्तर गावांच्या प्रजेला राज्यकारभार सोपवला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी त्यात मोठा भाग घेतला होता. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिथून संस्थानची विधानसभा, अशी ती रचना. गावपातळीवर न्यायदानाचेही काही अधिकार. इंग्रजी हद्दीतला पोलीस पाठलाग करत आला की औंधच्या हद्दीत त्याला सहज हात घालता येत नसे. कुंडलच्या पोरांना आसरा तर मिळालाच. पण पंचांनी बसून गाव चालवणे म्हणजे काय, हेही त्यांनी आपल्या अंगणात पाहिले होते.

गावाचा न्याय

प्रतिसरकारचा कारभार कसा चाले? गावाने पाच भरवशाचे पंच निवडायचे. वाद आला की देवळात किंवा मळ्यात दोन्ही बाजू समोरासमोर बसवायच्या, गावादेखत ऐकून घ्यायचे आणि त्याच बैठकीत निवाडा द्यायचा. कोर्टात वर्षानुवर्षे रखडलेले वाटणीचे, बांधाचे, देण्याघेण्याचे खटले असे निकालात निघू लागले. वकिलाची फी नाही, तालुक्याचे हेलपाटे नाहीत, कारकुनाचा हात ओला करणे नाही. सावकाराने बळकावलेल्या काही जमिनी मूळ धन्याला परत मिळाल्या. टाकून दिलेल्या बायकांना नवऱ्याने नांदवावे किंवा पोटगी द्यावी, असे निवाडे झाले. गुत्ते बंद पडले. चळवळीच्या नावाखाली दरोडे घालणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त करण्यात आला. युद्धाच्या टंचाईत धान्याच्या वाटपावर नजर ठेवली गेली, गावोगावी वाचनालये निघाली.

नानांच्या विशेष आवडीची गोष्ट म्हणजे गांधी विवाह. वाजंत्री नाही, हुंडा नाही, मानपान नाही, भटजीही नाही. वधूवरांनी एकमेकांना हार घालायचे आणि शपथ घ्यायची. लग्नाच्या कर्जात जमीन गहाण पडते आणि मग तिची नोंद दप्तरात बदलते, हे या जुन्या तलाठ्याइतके कोणाला ठाऊक असणार? कर्जाची मुळीच छाटली तर सावकाराचे झाड आपोआप वठते, हे गणित त्या साध्या सोहळ्यामागे होते. सत्यशोधकांचा संस्कार आणि गांधींची साधेपणाची शिकवण या मांडवात एकत्र आली.

शिक्षेचा भाग मात्र कठोर होता. पोलिसांचे खबरे, स्त्रियांवर हात टाकणारे, दरोडेखोर यांच्या तळपायांवर काठ्यांचे तडाखे बसत. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तसा हा प्रकार, म्हणून लोकांनी प्रतिसरकारचे पत्रीसरकार करून टाकले. नावात धाक होता आणि तो पसरावा असे चालवणाऱ्यांनाही वाटत होते.

आज या प्रकरणाकडे पाहताना इथे थबकायलाच हवे. या न्यायावर अपील नव्हते. आरोपी निर्दोष असेल तर त्याने कुठे जावे? भूमिगत चळवळीत खबऱ्या म्हणजे साक्षात मरण, हे खरे; पण खबऱ्या कोण हे ठरवताना जुन्या भावकीचे हिशेब चुकते होत नव्हते कशावरून? तसे आरोप तेव्हाही झाले. गांधीजींच्या मार्गात हे बसत नाही, हेही अनेकांना जाचत होते. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, पण साताऱ्यातल्या मंडळींनी काम चालूच ठेवले. गांधीजींचे नाव घेत त्यांचा सल्ला न मानणारे हे अनुयायी होते. दुसरी उणीव याहून खोल. ज्याची जमीन गहाण होती त्याला ती मिळाली, पण ज्याला मुळात जमीनच नव्हती त्या भूमिहीनाच्या हाती या राज्यात जमीन आली नाही. गावाचे राज्य म्हणजे अखेर गावातल्या जमीनवाल्यांचेच राज्य का, हा प्रश्न तसाच राहिला.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. चार वर्षे सरकार नानांच्या मागावर होते. इनामाचा मोह होता, गावांवर सामुदायिक दंडाचा बडगा होता. तरी नाना सापडले नाहीत. धाकाने माणूस काही दिवस गप्प बसतो. हजारो घरांतून चार वर्षे भाकरी येते ती धाकाने नव्हे. हे सरकार आपले आहे असे लोकांना वाटल्याखेरीज ते घडते ना.

स्वराज्यानंतरचा प्रवास

१९४६ मध्ये मुंबईत पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि नाना उजेडात आले. त्यांना पाहायला कऱ्हाडला लोटलेली गर्दी जिल्ह्याच्या आठवणीत बरीच वर्षे राहिली. पण स्वराज्याच्या राज्यकारभारात गावच्या पंचांना जागा नव्हती. कोर्ट, कचेरी, कलेक्टर, मामलेदार, तलाठी ही सगळी यंत्रणा होती तशीच नव्या धन्याच्या सेवेत रुजू झाली. १९४९ मध्ये संस्थाने मिळवून जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. नानांचे गाव एका जिल्ह्यात, त्यांच्या चळवळीची निम्मी गावे दुसऱ्यात, अशी विभागणी झाली.

नाना काँग्रेसमध्ये रमले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष, असा त्यांचा पुढचा प्रवास. पत्रीसरकारने न सोडवलेला भूमिहीनाचा प्रश्न ज्याला बोचत होता, त्या माणसाने लाल बावटा खांद्यावर घेतला यात नवल नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. पुढे १९६७ मध्ये मराठवाड्यातल्या बीडने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. सरकारी पगार सोडून सुरू झालेल्या त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात मालमत्ता अशी जमली नाही.

त्यांच्याच जिल्ह्यातला दुसरा एक भूमिगत कार्यकर्ता याच वेळी वेगळ्या वाटेने चालला होता. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. १९५७ च्या त्याच लाटेत कऱ्हाडची विधानसभेची जागा त्यांनी थोड्या मतांनी राखली आणि १९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांची सत्ता निवडून आलेल्या माणसांकडे आली. कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या लोकल बोर्डापासून इथवरचा पल्ला फार मोठा होता. चळवळीतली बरीच मंडळी विधायक कामात रमली. किसन वीर काँग्रेसकडून खासदार झाले. वाळव्याला नागनाथअण्णांनी काढलेल्या साखर कारखान्याला किसन अहिर या हुतात्म्याचे नाव मिळाले.

दोन वाटा, एकच माती. यशवंतरावांची वाट टिकली, कारण ती कायद्याने बांधलेली होती, हिशेब आणि तपासणीच्या चौकटीत होती, आणि तिच्या निर्णयावर दाद मागता येत होती. पत्रीसरकारला हे जमले नसते. पण एक गोष्ट या वाटेवर मागे पडली. जिल्हा परिषदेची सत्ता मुंबईने खाली दिली. पत्रीसरकारची सत्ता गावाने स्वतः घेतली होती. वरून मिळालेली सत्ता वरून काढूनही घेता येते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती, ती पुढे गळून पडली. तंट्यासाठी गावकरी पुन्हा तालुक्याच्या कोर्टाचे हेलपाटे घालू लागला. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत मानाचे स्थान दिले. स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात तर २०११ पासून निम्म्या. तरी कितीतरी गावांत ग्रामसभा भरते ती रजिस्टरवर.

नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याच्या मातीतच त्यांना निरोप देण्यात आला. त्यांचे पुतळे उभे आहेत, त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, जयंतीला हार पडतात. हे सगळे योग्यच. पण त्यांची खरी परीक्षा आपल्या गावच्या ग्रामसभेत दर वेळी होत असते. तिथे किती माणसे येतात, त्यात बाया किती, भूमिहीन किती, आणि त्यांच्यापैकी कोणी उभे राहून हिशेब विचारला तर त्याला उत्तर मिळते की नाही. एका तलाठ्याने दप्तर खाली ठेवले ते गावाने आपले दप्तर स्वतः उघडावे म्हणून. ते उघडण्याचे काम अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.